मत मागण्यात कसली लाज?



गेल्या वर्षीच्या वर्षावासातली गोष्ट. आमच्या वसाहतीतल्या बुद्धविहारात रविवारी सायंकाळी ग्रंथवाचन असते. त्या दिवशीचे वाचन संपले, खीरदान झाले, मंडळी पांगली. तरी एक माउली विहाराच्या पायरीवर बसून राहिल्या. त्यांचे यजमान महापालिकेच्या सफाई खात्यात मुकादम. थोरली लेक राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर इंग्लंडातल्या एका विद्यापीठात फिजिक्सच्या, म्हणजे भौतिकशास्त्राच्या, एम.एस्सी.ला गेलेली. तिला निरोप द्यायला अर्धी वसाहत विमानतळावर लोटली होती. आम्हीही होतो.

"काय वहिनी, घरी नाही जायचं?" आम्ही विचारले.

"भावजी, पोरीनं खूळ घेतलंय डोक्यात. सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहते म्हणते."

आम्ही चक्रावलो. पोरीला जाऊन पुरता महिना झाला नाही. तिने तिकडे घर कधी घेतले आणि ही सोसायटी कुठली? आपल्याकडे सोसायटी म्हटले की पाण्याची टाकी, मेंटेनन्स आणि पार्किंगची भांडणे डोळ्यांपुढे येतात. वहिनींनी तिथेच फोन लावून आमच्या हाती दिला. इथे रात्रीचे साडेआठ, तिकडे दुपारचे चार. पोरगी हसू लागली. "काका, घरांची सोसायटी नव्हे. फिजिक्स सोसायटी. विद्यार्थ्यांचं मंडळ."

मग तिने सगळे समजावून सांगितले, ते वाचकांसाठी इथे थोडक्यात देतो. कारण उद्या तुमच्याही घरातली पोरे अशा ठिकाणी जाणार आहेत.

ब्रिटनमधल्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांची एक मोठी संघटना असते, तिला स्टुडंट्स युनियन म्हणतात. तिच्या छायेखाली लहान लहान मंडळे असतात. कुणाचे नाटकाचे, कुणाचे गिर्यारोहणाचे, कुणाचे बुद्धिबळाचे, तसे फिजिक्सवाल्यांचे फिजिक्सचे. वर्षाला थोडे पौंड वर्गणी भरली की सभासद होता येते. या मंडळाला अध्यक्ष, सचिव, खजिनदार असतात आणि असतो सोशल सेक्रेटरी. आपल्या भाषेत सांगायचे तर स्नेहसंमेलन चिटणीस. नव्या विद्यार्थ्यांचे स्वागत, प्रश्नमंजूषा, नाताळचे जेवण, वर्षअखेरचा मेळावा, सहली हे सगळे त्याच्या अंगावर. पगार नाही, मानधन नाही. त्या मंडळात दोन सोशल सेक्रेटरी असत. निवडणूक मार्चमध्ये झाली होती. पण निवडून आलेल्यांपैकी एक जण पुढे विद्यापीठ सोडून गेला, म्हणून ऑक्टोबरमध्ये त्या एका जागेची पोटनिवडणूक लागली. आमच्या लेकीने अर्ज भरायचे ठरवले होते.

आता खरे सांगतो. हे ऐकल्यावर आम्हीही वहिनींचीच बाजू घेतली. समाजकार्यात पंचवीस वर्षे घालवलेल्या माणसाने असे म्हणावे हे शोभणारे नव्हते, पण म्हणालो. "बाळ, अध्यक्ष नाही, सचिव नाही, आणि हे खाण्यापिण्याचे खाते कशाला? एक वर्षाचा अभ्यासक्रम. शासनाने पैसे दिले ते अभ्यासासाठी. मान खाली घालून अभ्यास कर, डिग्री घे आणि ये."

पोरगी क्षणभर गप्प बसली. मग जे बोलली ते आम्हाला रात्रभर झोपू देईना.

ती म्हणाली, "काका, पहिल्या आठवड्यात नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत होतं. ते पबमध्ये. मी गेले. एका कोपऱ्यात पाण्याचा ग्लास घेऊन अर्धा तास उभी राहिले आणि परत आले. सोमवारी वर्गात सरांनी सांगितलं की प्रोजेक्टसाठी दोघादोघांचे गट करा. पाहते तर सगळ्यांचे गट झालेले. कधी झाले? त्या रात्री, पबमध्ये. मी आणि आणखी दोघी-तिघी उरलो. त्याही पाण्याचे ग्लास घेऊन उभ्या असलेल्या. काका, मार्क वर्गात मिळतात. पण माणसं त्या टेबलावर मिळतात. तुम्ही म्हणता खाण्यापिण्याचं खातं. आपल्या लोकांना शतकानुशतकं बाहेर ठेवलं ते खाण्यापिण्यावरूनच ना?"

वाचकहो, आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. फिजिक्सचा आम्हाला गंध नाही. पण हा हिशेब आम्हाला चटकन कळला. कचेरीतही असेच असते. फाईल टेबलावरून जाते, पण कुणाची बदली कुठे आणि बढतीच्या यादीत कुणाचे नाव वर हे संध्याकाळच्या बैठकीत ठरते. त्या बैठकीचे बोलावणे आम्हाला क्वचितच आले. आम्ही स्वतःची समजूत घालत आलो, की आपण कामाशी काम ठेवणारे. खरे म्हणजे आम्हाला बोलावले जात नव्हते आणि आपण होऊन जाण्याचे धाडस आमच्यात नव्हते. तेच धाडस ही पोर करीत होती आणि आम्ही तिला मान खाली घालायला सांगत होतो!

दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना ग्रंथालयात गेलो आणि मेघनाद साहांचे चरित्र काढले. नाव आपल्या घरांत फारसे ऐकू येत नाही, म्हणून सांगतो. १८९३ साली ढाक्याजवळच्या एका खेड्यात, लहानशा दुकानदाराच्या घरी जन्मलेला, खालच्या मानलेल्या जातीतला हा मुलगा हुशारीच्या बळावर कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पोहोचला. पण तिथल्या हिंदू वसतिगृहात उच्चवर्णीय मुलांनी त्याच्याबरोबर एका पंगतीत जेवायला हरकत घेतली. गणितात, विज्ञानात तो कुठे कमी पडत नव्हता. मग बोट कशावर ठेवले? जेवणाच्या ताटावर. याच मेघनाद साहांनी १९२० साली जे समीकरण मांडले, त्याच्या आधारे ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान आणि तिथल्या वायूंची अवस्था समजू लागली. आज जगभर ते साहा समीकरण म्हणून शिकवले जाते. त्याच वर्षी ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत काम करायला गेले. आणि योग पाहा, त्याच १९२० साली आपले बाबासाहेबही अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी लंडनला परतले होते.

बाबासाहेबांची कथा तर आपल्या लेकरांना तोंडपाठ आहे. शाळेत इतरांपासून वेगळे, घरून नेलेल्या गोणपाटावर बसणे. शिपायाने वरून ओतले तरच पाणी, शिपाई नसला तर तहान तशीच. अभ्यास करायला मनाई नव्हती. बरोबर बसायला मनाई होती, एका भांड्यातले प्यायला मनाई होती. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब गेले ते केवळ तहान भागवायला नव्हे, बरोबरीचा हक्क बजावायला गेले. आणि हेही लक्षात घ्या, की १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेल्यावर त्यांना पुस्तकांइतकीच मोलाची एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे नवल भथेना यांची मैत्री. हा पारशी मित्र पुढे पैशाच्या अडचणीत अनेकदा त्यांच्या मदतीला उभा राहिला. वसतिगृहात जमलेला स्नेह जन्मभर पुरला. अठरा-अठरा तास वाचणाऱ्या बाबासाहेबांच्या आयुष्यातही मित्राची जागा होती, हे आपण पोरांना सांगत नाही. आपण फक्त अठरा तास सांगतो.

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. या वेळी पोरगी रडत होती. अर्ज भरल्याचे कळल्यावर आपल्याच देशातल्या एका विद्यार्थ्याने स्वयंपाकघरात चारचौघांत तिला विचारले, "पूर्ण नाव काय तुझं? आडनाव?" तिने सांगितले. तो हसून म्हणाला, "म्हणजे सरकारी पैशावर आलीस. मग आता इथंही राखीव जागा हवी का?" सोबतच्या इंग्रज मुलांना त्यातले काही कळले नाही. जिला कळायचे तिला कळले. सात समुद्रांपार जाऊनही आडनावाची चौकशी चुकली नाही.

वाचकहो, हा प्रश्न तिथे नवा नाही. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात जातीचा उल्लेख आला. २०१३ साली तिथल्या संसदेने जातीचा भेद कायद्याने बंद करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. आणि २०१८ साली सरकारने वेगळा कायदा न करता न्यायालयांच्या निकालांवर अवलंबून राहण्याचे ठरवले. तिथल्या आपल्या संघटनांनी यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला आहे.

वहिनी कासावीस झाल्या. "मागे घे म्हणावं अर्ज. कशाला पाहिजे नसती आफत? गुमान राहिली असती तर आडनाव तरी झाकून राहिलं असतं."

इथे आम्ही वहिनींना प्रथमच विरोध केला. म्हणालो, "वहिनी, आडनाव झाकायला तिला पाठवलं का आपण? आणि झाकलं असतं तर किती दिवस? मत मागणाऱ्याचं नाव भिंतीवर लागतं. तिचं नाव तिथल्या भिंतीवर लागू दे."

वहिनींनी मग मनातली दुसरी भीती काढली. ती खरी होती आणि तिचे उत्तर द्यायलाच हवे होते. "पण भावजी, ही पोर पोरांना घेऊन पबमध्ये जाणार? पाचवं शील घेतलेली पोर? आणि उद्या वर्गणीच्या पैशात घोळ झाला तर आळ पहिला कुणावर येईल? आपल्यावरच."

पैशाची गोष्ट आमच्या धंद्यातली, म्हणून ती आधी सांगितली. मंडळाचे पैसे सोशल सेक्रेटरीच्या हाती नसतात, खजिनदार आणि युनियनच्या खात्यात असतात. तरीही पोरीला चार नियम सांगितले. रोख रक्कम शक्यतो हातात घ्यायचीच नाही. घेतली तर त्याच दिवशी पावती देऊन खजिनदाराकडे जमा करायची. स्वतःच्या पैशाने सामान आणले तर बिल जपून ठेवायचे आणि बिलाशिवाय एक पेनीही मागायची नाही. कार्यक्रम संपल्यावर दोन दिवसांत जमाखर्च लिहून सगळ्यांना दाखवायचा. ज्याचा हिशेब उघडा असतो त्याच्यावर आळ चिकटत नाही. हे नियम आपल्या जयंती समित्यांनाही लागू आहेत, हे समजणाऱ्याने समजावे.

शिलाचा प्रश्न मात्र पोरीनेच सोडवला. ती म्हणाली, "आई, मी पीत नाही आणि पिणार नाही. पण पिणाऱ्यांना हाकलायला मी उभी नाही. दुसरा सोशल सेक्रेटरी पबमधली प्रश्नमंजूषा बघतो, ती त्यानं बघावी. माझं म्हणणं एवढंच, की एक कार्यक्रम तिथं झाला तर दुसरा असा व्हावा जिथं न पिणाराही कोपऱ्यात उभा राहणार नाही. व्याख्यानानंतर चहा. दुर्बिणीतून तारे पाहायची रात्र. प्रत्येकानं आपल्या घरचा एक पदार्थ करून आणायचा दिवस. आणि काही कार्यक्रम दुपारी, कारण संध्याकाळी काम करून पोट भरणारी मुलंही आहेत." शील स्वतःने पाळायचे असते, ते दुसऱ्याच्या पाठीत घालायची काठी नव्हे. पण आपल्या शिलाला जागा मिळावी म्हणून नीट मागणी करायची, हेही शीलच आहे. आमच्या मते त्या पोरीला पंचशील आमच्यापेक्षा बरे कळले.

वहिनी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग फोनवर एवढेच म्हणाल्या, "उभी राहा. पण जेवत जा वेळेवर."

निवडणूक कशी झाली तेही ऐका. प्रत्येक उमेदवाराने एका पानावर आपला जाहीरनामा लिहायचा. मग सगळ्या सभासदांसमोर दोन मिनिटांचे भाषण आणि प्रश्नोत्तरे. याला तिथे हस्टिंग्ज म्हणतात. पूर्वी ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत उमेदवार ज्या लाकडी मंचावर उभे राहत त्याचे हे नाव. १८७२ साली गुप्त मतदानाचा कायदा आला आणि तो मंच गेला, नाव राहिले. मतपत्रिकेवर उमेदवारांबरोबर आणखी एक ओळ असते, "पुन्हा अर्ज मागवा" अशा अर्थाची. आपल्याकडे २०१३ पासून मतदान यंत्रावर नोटा आले, पण लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत नोटाला कितीही मते पडली तरी उमेदवारांपैकी एक निवडून येतोच. तिथे मात्र ती ओळ जिंकली तर निवडणूक नव्याने घ्यावी लागते. शिवाय मत एकालाच द्यायचे नसते. पहिली पसंती, दुसरी पसंती असे क्रम लावायचे. कुणालाच निम्म्याहून अधिक मते नसतील तर सर्वांत मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटली जातात.

मत मागायला जायचे तर पोरीची जीभ रेटेना. तिचे कारण आम्हाला माहीत आहे. आपल्या पिढ्यांनी फार मागितले. भाकरी मागितली, पाणी मागितले, वरून टाकलेले ओंजळीत घेतले. म्हणून शिकलेल्या पोरांना मागण्याचीच शरम वाटते. आम्ही तिला एवढेच सांगितले, की भाकरी मागणारा खालून मागतो. मत मागणारा बरोबरीने मागतो. ज्याच्याकडे तू मत मागतेस त्याचे काम करण्याचा तू शब्द देतेस. हा व्यवहार आहे, भीक नव्हे. आणि आपल्याला तर हा वारसाच आहे. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी सांगितले, की संसदीय कामकाजाचे नियम भारताला नवे नव्हेत. बुद्धाच्या भिक्खू संघात ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे होते. संघात मतासाठी शलाका, म्हणजे लाकडी काड्या, वापरीत. तेव्हा मतदान आम्ही कुणाकडून उसने घेतलेले नाही.

पोरगी दोन मिनिटे बोलली. आडनावासकट पूर्ण नाव सांगून सुरुवात केली. पाण्याच्या ग्लासाची गोष्ट सांगितली. ग्लासगो विद्यापीठातून १९६५ साली पदवी घेतलेल्या जोसेलिन बेल बर्नेल यांचा तिने उल्लेख केला. त्या वर्गात शिरल्या की मुले पाय आपटून शिट्ट्या वाजवीत, कारण फिजिक्सच्या त्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. त्यांनी १९६७ साली पल्सार नावाचे तारे शोधले. १९७४ सालचे नोबेल त्या शोधासाठी त्यांच्या मार्गदर्शकांना मिळाले, त्यांना नाही. २०१८ साली दुसऱ्या एका पुरस्काराचे तीस लाख डॉलर मिळाले, ते त्यांनी सारेच्या सारे फिजिक्समध्ये ज्यांची संख्या कमी आहे अशा विद्यार्थ्यांच्या संशोधनासाठी देऊन टाकले. "वर्गात जागा मिळणं आणि वर्गात सामावलं जाणं या दोन गोष्टी आहेत. मला दुसरीसाठी काम करायचं आहे," एवढे बोलून ती खाली बसली.

तिघे उमेदवार होते. पहिल्या मोजणीत तिसऱ्या वर्षाचा एक लोकप्रिय मुलगा पुढे, आमची लेक दुसरी. तिसरा उमेदवार बाद झाला आणि त्याची बहुतेक मते आमच्या लेकीला आली. तरीही सात मतांनी ती पडली.

होय वाचकहो, ती हरली. जिंकल्याची गोष्ट सांगायची असती तर ती आम्ही पहिल्या परिच्छेदात सांगितली असती. खरी गोष्ट पुढे आहे.

निकाल लागताच तिने त्या मुलाचा हात हातात घेऊन अभिनंदन केले. आठ दिवसांनी तोच तिच्याकडे आला. म्हणाला, तुझ्या जाहीरनाम्यातली चहाची कल्पना मला सुचली नव्हती, आणि तुझ्या मतांवरून दिसते की ती बऱ्याच जणांना हवी आहे. तू चालवशील का? मंडळाने तिला ते काम दिले. आता दर गुरुवारी व्याख्यानानंतर चहा असतो. पहिल्या गुरुवारी तिला वाटले, दहा जण येतील. खुर्च्या कमी पडल्या. मलेशियाची एक मुलगी आली, औषधे चालू असल्यामुळे न पिणारा एक मुलगा आला, एक वयस्कर प्राध्यापक आले आणि आले घातलेल्या चहाची कृती लिहून घेऊन गेले. आणि आडनाव विचारणारा तोही आला. पोरीने इतरांसारखाच त्यालाही कप दिला. त्याने माफी मागितली नाही. चहा प्याला, कप धुतला आणि जागेवर ठेवला. वहिनींनी हे आम्हाला दोनदा सांगितले. त्या दुसऱ्यांदा सांगत होत्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे हरलेला माणूस काय करतो? जयंती समितीत पद मिळाले नाही की आठ दिवसांत दुसरी समिती, दुसरी पावतीपुस्तके, दुसरी मिरवणूक. एका वसाहतीत एका बापाच्या दोन जयंत्या! आपल्या पक्षाचे किती तुकडे झाले ते मोजायला आता बोटे पुरत नाहीत. बाबासाहेब स्वतः १९५२ साली उत्तर मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात लोकसभेची निवडणूक हरले. त्यांनी लोकशाहीवर राग काढला नाही. काम चालू ठेवले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांना धम्माचा मार्ग दिला. मेघनाद साहा मात्र त्याच १९५२ च्या निवडणुकीत कलकत्त्यातून लोकसभेवर गेले. जिंकणे आणि हरणे मतदारांच्या हाती. हरल्यावर काम करणे आपल्या हाती.

पोरांनी हे शिकायचे कुठे? बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या सिद्धार्थ कॉलेजात विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरे, ती याचसाठी. पुढे महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजातल्या थेट निवडणुका गेल्या, गुणवत्तेच्या यादीवरून प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. योगायोग असा, की त्याच १९९४ साली ब्रिटनच्या शिक्षण कायद्याने विद्यार्थी संघटनांची मुख्य पदे गुप्त मतदानानेच भरली पाहिजेत असे बंधन घातले. आपल्याकडे थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा आली ती २०१६ च्या कायद्यात, पण प्रत्यक्ष निवडणुका त्यानंतरही वर्षानुवर्षे लांबत राहिल्या. गुंडगिरी आणि खूनबाजीमुळे निवडणुका नकोशा झाल्या हे खरे. पण त्यामुळे आपल्या दोन पिढ्यांना चार माणसांसमोर उभे राहून "मला निवडून द्या" म्हणण्याचा सरावच राहिला नाही.

म्हणून आई-बापांना हात जोडून सांगणे आहे. पोरांना शिका म्हणतो, तसेच पुढे व्हा असेही म्हणा. वर्गाचा मॉनिटर निवडायचा असेल तर आपल्या मुलीला हात वर करायला सांगा. विहारातल्या वाचनालयाची नोंदवही नववी-दहावीच्या पोरांकडे द्या. जयंतीच्या सभेत तरुणांना नुसते झेंडे लावायला आणि स्त्रियांना नुसती रांगोळी काढायला बोलावू नका. त्यांच्यापुढे जमाखर्च ठेवा आणि मत विचारा. अभ्यास बुडवून पुढारीपण करा असे आम्ही म्हणत नाही. आमच्या लेकीनेही आठवड्यातला एक गुरुवार दिला, बाकीचे दिवस प्रयोगशाळेला दिले. पण 'मान खाली घाल' हे वाक्य आपल्या घरांतून आता गेले पाहिजे. ते आम्हीही बोललो होतो, म्हणून जबाबदारीने सांगतो.

शेवटची एक बातमी. यंदा जानेवारीत आमच्या वसाहतीच्या जयंती समितीची सभा झाली. खजिनदार कोण होणार असे विचारल्यावर नेहमीप्रमाणे सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मागच्या रांगेतून एक हात वर आला. वहिनींचा होता. कुणीतरी पुरुषी आवाजात कुजबुजले, "यांना हिशेब जमंल का?" वहिनी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पावतीशिवाय पैसा घेणार नाही, बिलाशिवाय देणार नाही, जयंतीनंतर दोन दिवसांत हिशेब विहाराच्या भिंतीवर लावीन. पटत असंल तर मत द्या."

बहुमताने निवडून आल्या. आमचे मत त्यांनाच होते.

जयभीम.